मेजर, जवान, शिपाई

आमच्या खटाव तालुक्यात फौजेतून सुट्टीवर आलेला कुणीही माणूस 'मेजर' असतो. हुद्दा कुणी विचारत नाही. टपरीवर "या मेजर, बसा" म्हणत बाकावर जागा होते, आणि चहाचे पैसे त्याला देऊ देत नाहीत. माझे चुलते, तात्या, मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झाले, पण गावात शेवटपर्यंत मेजरच राहिले. त्यानंतर वीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या एका बँकेत शिपायाची नोकरी केली. जवान, फौजी, मेजर, माजी सैनिक, शिपाई: एकाच माणसाला भाषेने एवढी नावं दिली. भिंतीवर फोटो मात्र एकच आहे. बेळगावच्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला. इस्त्रीची वर्दी, ताठ मान, आणि स्टुडिओवाल्याने हाताने गुलाबी केलेले गाल.

हे आठवायला कारण घडलं. गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्याने एका फलकाचा फोटो टाकला. अर्ध्या फलकावर स्थानिक पुढारी, अर्ध्यावर बर्फात सलाम ठोकणारा जवान. मी विचारलं, "हा जवान कोण? त्याचं नाव काय?" पुतण्याचं उत्तर आलं, "काका, तुम्ही तिकडं जर्मनीत बसून आमच्या सैनिकांवर शंका घेऊ नका." दोन दिवस ग्रुपवर हेच चाललं होतं. मी शंका घेतली नव्हती, नाव विचारलं होतं. तिथे पटवून देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाने पक्षांना डिसेंबर २०१३ मध्येच बजावलं होतं. पाकिस्तानच्या ताब्यातून सुटून आलेले वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचा चेहरा राजकीय फलकांवर झळकला, तेव्हा मार्च २०१९ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. मला हा नियम योग्य वाटतो, पण माझं म्हणणं निवडणुकीपुरतं नाही. ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही अशा सैनिकाचा फोटो लावून आपण त्याचा मान ठेवत नाही. आपण त्याला सजावटीचं सामान करतो.

मी चौदा वर्षं कोलोनमध्ये राहतो. ऑगस्ट झांडर हा छायाचित्रकार याच शहरातला. शेतकरी, गवंडी, वकील, भटके, बेकार अशा जर्मन माणसांचे त्याने व्यवसाय आणि वर्गांप्रमाणे फोटो काढले. त्यातल्या ६० फोटोंचं पुस्तक १९२९ मध्ये आलं आणि १९३६ मध्ये नाझींनी त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. त्याच्या संग्रहात १९४० च्या सुमाराचा एक फोटो आहे, खाली फक्त 'सैनिक' असं लिहिलेला. कोवळं पोर आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या आमच्याकडच्या पोरांसारखा वाटला. मग त्याच संग्रहात झांडरने कोलोनच्या छळ झालेल्या ज्यूंचे फोटो ठेवलेत, राजकीय कैद्यांचेही. त्या कैद्यांमध्ये त्याचा स्वतःचा मुलगा एरिख आहे, जो नाझींना विरोध केला म्हणून दहा वर्षांच्या शिक्षेवर गेला आणि १९४४ मध्ये तुरुंगातच वारला. हे सगळं पाहून त्या पोराकडे परत आलो, तर चेहरा तोच होता आणि 'सैनिक' हा शब्द पार बदलला होता.

जर्मनीने हा शब्द फोटोंमधूनच पुन्हा शिकून घेतला. मार्च १९९५ मध्ये हॅम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने वेअरमाख्टच्या, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याच्या, गुन्ह्यांवर प्रदर्शन उघडलं. सोव्हिएत प्रदेशातल्या, युगोस्लाव्हियातल्या कत्तली, फाशा, जळलेली गावं. त्यातले कितीतरी फोटो साध्या सैनिकांनीच काढलेले, पाकिटात बाळगलेले. तोवर घरोघर समजूत होती की पापं नाझी संघटनांची, आपले वडील मात्र फक्त सैनिक होते. चार वर्षांत सुमारे आठ लाख लोकांनी ते पाहिलं. म्युनिकमध्ये विरोधात मोर्चे निघाले, १९९९ मध्ये झारब्रुकनला प्रदर्शनाच्या जागी बाँब फुटला. त्याच वर्षी काही फोटो चुकीचे असल्याचं निघालं. मृतदेह होते, पण मारेकरी जर्मन नव्हते. प्रदर्शन थांबवलं, इतिहासकारांची समिती बसली. १,४३३ पैकी वीसहून कमी फोटो तिथे असायला नको होते, असा निष्कर्ष निघाला. फोटोमागची नोंद चुकली की खऱ्या फोटोंवरचाही विश्वास कसा डळमळतो, हे तेव्हा दिसलं. नव्याने तपासून २००१ मध्ये प्रदर्शन पुन्हा उभं राहिलं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या आजींनी एकदा मला आपल्या वडिलांचा युद्धकाळातला अल्बम दाखवला. काळी पानं, कोपऱ्यात चिकटवलेले कागदी त्रिकोण. मधल्या एका पानावर चारही त्रिकोण जागेवर होते, फोटो नव्हता. "आईने काढून टाकला की वडिलांनीच, माहीत नाही," त्या म्हणाल्या. पान उलटलं आणि आम्ही कॉफी प्यायलो.

यावरून मी पुतण्याला 'जर्मनीकडून शिका' असं सांगणार नाही. आपला इतिहास वेगळा आहे, तात्यांच्या फोटोवर तसलं ओझं नाही. शिवाय इथलं गप्प राहणंही मला खटकतं. मी आलो तेव्हा वर्दीतला सैनिक रस्त्यावर क्वचितच दिसायचा. वर्दीतल्यांना रेल्वेत फुकट प्रवास २०२० पासून सुरू झाला, तेव्हा डब्यात ते दिसू लागले. अफगाणिस्तानात माणसं मरत होती तरी 'रणात पडले' हा शब्द सरकारच्या तोंडून निघायला कित्येक वर्षं लागली. माजी सैनिकांचा पहिला राष्ट्रीय दिवस झाला तो १५ जून २०२५ ला. आता नव्या कायद्याने अठरा वर्षांच्या मुलांना लष्करसेवेबद्दलचा अर्ज भरून द्यावा लागतो, आणि घराघरांत वाद चालू आहेत. लोक त्या वर्दीकडे बघायचंच टाळत आलेत, आणि तेही बरोबर नाही.

आपलं उलटं आहे. आपण बघतो खूप, पण एकच चित्र बघतो. जर्मन 'झोल्डाट' हा शब्द पगारावरून आला, रोमन नाण्याच्या नावावरून. आपल्याकडे घोडा स्वतःचा असेल तर शिलेदार, सरकारचा असेल तर बारगीर. मेला तर धारातीर्थी पडला. जुन्या कागदांत त्याहून साधं, 'कामी आला'. 'शहीद' हा शब्द सेनादलं अधिकृतपणे वापरत नाहीत असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं, तरी आपण तो सोडत नाही. मला त्यात वावगं वाटत नाही, शोकाचे शब्द लोकांनीच ठरवावेत. पण जिवंत परत येणाऱ्याचं काय? २०२२ पासून 'अग्निवीर' आला. चार वर्षं नोकरी, त्यानंतर फार तर पंचवीस टक्के कायम, बाकीच्यांना ना पेन्शन ना माजी सैनिकाचा दर्जा. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परत आलेल्या त्या पोराला गाव 'मेजर' म्हणेल, पण सरकारी कागदावर तो कोण? या प्रश्नाचा फोटो कुठल्याच फलकावर नसतो. बँकेच्या दारात खाकी घालून उभे असलेले तात्याही नसतात.

आपल्याकडच्या अनेक गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच इंग्रजीत. आकडे आहेत, नावं नाहीत. परक्या सरकारला आकडा पुरेसा होता. आपल्यालाही तेवढाच पुरेसा वाटावा, हे मला सहन होत नाही. ग्रामपंचायतीने घरोघरचे फोटो गोळा करावेत, वर्दीतले आणि बिनवर्दीतलेही. मागे नाव, गाव, पलटण, साल लिहावं, आणि ज्यांना आठवतंय ती माणसं आहेत तोवर लिहावं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकूंना विचारलं, तात्यांचा आणखी एखादा फोटो आहे का? त्यांनी ट्रंकेच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काढला. लेहमधला. बंकरसारख्या कशाच्या तरी बाहेर, उन्हात, बनियनवर चौघं बसलेत. तात्या कुणाचे तरी केस कापतायत आणि हसतायत. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"हा का नाही लावला?"

"बनियनवरचा कसा लावायचा भिंतीवर?" काकू म्हणाल्या. मग बराच वेळ फोटो हातात धरून बसल्या.

मी पेन काढलं. काकू सांगत गेल्या, मी मागे लिहीत गेलो. तात्यांचं नाव, मग कराडकडचे एक, मग चंदगडचे एक, जे नंतर तात्यांच्या तेराव्याला आले होते. पुतण्या शेजारी बसून मोबाइलचा उजेड धरत होता. ज्याचे केस कापले जात होते त्याचं तोंड खाली होतं, आणि त्याचं नाव काही केल्या काकूंना आठवेना. त्याला सगळे पैलवान म्हणायचे, एवढंच त्यांना माहीत होतं.

"मग तेच लिहा," पुतण्या म्हणाला, "आणि पुढं थोडी जागा सोडा."