आजचा जॉर्ज

आमच्या घरी सकाळच्या चहाला हल्ली जॉर्ज लागतो. तिसरा जॉर्ज, इंग्लंडचा राजा, राज्यकाल १७६० ते १८२०. मी रोज त्याच्याबद्दलची एक बारीकशी गोष्ट वाचून दाखवते, आई (म्हणजे माझ्या सासूबाई) त्यावर शेरा मारतात आणि नवरा 'झालं का तुमचं?' म्हणून डबा उचलून पळतो, कारण ८.१४ ची लोकल कोणत्याच राजासाठी थांबत नाही.

हाच राजा का, असं विचारणाऱ्यांना मी तारखा सांगते. तो गादीवर आला ऑक्टोबर १७६० मध्ये. पुढच्या १४ जानेवारीला पानिपत. जूनमध्ये नानासाहेब गेले, जुलैमध्ये माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि सप्टेंबरमध्ये तिकडे जॉर्जचा राज्याभिषेक झाला. माधवराव सोळा वर्षांचे, जॉर्ज तेवीस. त्यानंतर आपल्याकडे नारायणराव, राघोबादादा, सवाई माधवराव, दुसरा बाजीराव असे पेशवे होत गेले, बारभाईंचं कारस्थान झालं, इंग्रजांशी वडगावची लढाई झाली, सालबाईचा तह झाला, आणि लंडनमध्ये राजा तोच. पानिपतानंतरची अख्खी पेशवाई या एका माणसाच्या कारकिर्दीत बसते. तरी त्याच्याबद्दल आपल्याला काय माहीत असतं? वेडा होता आणि त्याने अमेरिका घालवली. बास.

माझं म्हणणं असं की या दोन शिक्क्यांपेक्षा त्याच्या बारीकसारीक गोष्टींतून तो जास्त कळतो. आता हेच बघा, पत्रावर तारीख घालताना तो तास आणि मिनिटंसुद्धा लिहायचा. घड्याळांचं वेड होतं, घड्याळ कसं उघडायचं आणि पुन्हा कसं जोडायचं याची टिपणं त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहेत. जॉन हॅरिसन या सुताराच्या पोराने समुद्रावर रेखांश काढता येईल असं घड्याळ आयुष्यभर खपून बनवलं आणि सरकारी मंडळ त्याला बक्षिसासाठी खेटे घालायला लावत होतं. शेवटी १७७२ मध्ये राजाने त्याचं नवं घड्याळ रिचमंडच्या आपल्या खासगी वेधशाळेत स्वतः तपासलं. दुसऱ्या वर्षी संसदेने हॅरिसनला ८,७५० पौंड दिले, तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. आई म्हणाल्या, "पेन्शनचं काम दिसतंय." त्यांना स्वतःच्या हयातीच्या दाखल्यासाठी गेल्या नोव्हेंबरात तीन खिडक्या फिरायला लागल्या होत्या, त्यामुळे हॅरिसन त्यांना एकदम घरचा वाटला.

शेतीचीही तीच गत. विंडसरला त्याने शेती केली, स्पेनची मेरिनो मेंढरं आणवली आणि शेतीविषयक नियतकालिकात 'राल्फ रॉबिन्सन' या नावाने पत्रं छापून आणली. हे नाव त्याच्या मेंढपाळाचं. लोक त्याला 'शेतकरी जॉर्ज' म्हणून चिडवायचे, व्यंगचित्रं काढायचे. पंधरा मुलं झाली, आणि त्या काळच्या राजांच्या मानाने नवलाची गोष्ट म्हणजे बाहेरचं एकही प्रकरण नाही. बायकोचं तोंड त्याने लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं होतं. यावर आईंचा शेरा: "आमचंही तसंच की."

या छंदात एक पथ्य मात्र पाळावं लागतं. जॉर्जच्या नावावर एक फार लोकप्रिय गोष्ट फिरते की ४ जुलै १७७६ ला, म्हणजे अमेरिकेने फिलाडेल्फियात स्वातंत्र्य जाहीर केलं त्या दिवशी, त्याने डायरीत लिहिलं, 'आज विशेष काही घडलं नाही.' छान आहे, पण खोटी आहे. तो डायरी लिहीतच नव्हता. फ्रान्सच्या सोळाव्या लुईने पॅरिसमधला बास्तीयचा तुरुंग लोकांनी पाडाव केला त्या दिवशी शिकारीच्या वहीत 'काही नाही' लिहिलं होतं, ते खरं. कुणीतरी तीच गोष्ट उचलून जॉर्जला चिकटवली. शिवाय फिलाडेल्फियातली बातमी लंडनला पोचायलाच तेव्हा महिना-दीड महिना लागायचा. खरी गोष्ट याहून सरस आहे. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये जमावाने जॉर्जचा घोड्यावरचा शिशाचा पुतळा दोर लावून पाडला. शिसं कनेक्टिकटला नेऊन वितळवलं आणि त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. त्याच्याच सैन्यावर झाडायला! मोजणाऱ्याने शेवटच्या अठ्ठ्याऐंशीसुद्धा सोडल्या नाहीत, यातच मजा आहे.

मध्यंतरी भाच्याने फोनवर ऐकवलं, "मामी, ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्या राजाचं कसलं कौतुक करतेस?" त्याचा राग रास्त आहे. पण मी कौतुक करत नाहीये. १७८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून काढून संसदेने नेमलेल्या मंडळाकडे द्यायचं बिल खालच्या सभागृहात पास झालं होतं. या राजाने वरच्या सभागृहातल्या उमरावांपर्यंत निरोप पोचवला की जो याच्या बाजूने मत देईल तो माझा शत्रू. बिल पडलं, मंत्रिमंडळ त्याने घालवलं आणि चोवीस वर्षांच्या पिटला पंतप्रधान केलं. शेतात रमणारा, हॅरिसनला न्याय मिळवून देणारा साधा माणूस तो हाच. भाच्याला म्हटलं, शिव्या घालायच्या तर निदान कशाबद्दल घालायच्या ते तरी माहीत असू दे. तो म्हणाला, रेंज जातेय.

वेडाबद्दल मी घाईने काही बोलत नाही. १७८८ च्या हिवाळ्यात तो तासन् तास न थांबता बोलत राहिला, त्याला बांधून ठेवलं गेलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत तो बराही झाला. आधी काही संशोधकांनी याला पोर्फिरिया नावाचा आजार म्हटलं, आता बरेचजण मनोविकाराकडे झुकतात. १८११ पासून मुलगा कारभार पाहू लागला. म्हणजे नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर ब्रिटिश निशाण चढलं तेव्हा ज्याच्या नावाने ते चढलं तो राजा विंडसरला आंधळा होऊन, लांब पांढरी दाढी वाढवून बसला होता. वर्षभरात राणी गेली, तेही त्याला उमजलं नाही. हे वाचलं त्या दिवशी आईंनी काही शेरा मारला नाही. नुसत्या कडवे वाल सोलत राहिल्या, भिजलेली सालं बोटांना चिकटत होती ती ताटाच्या कडेला पुसत.

कालचा जॉर्ज मात्र रंगला. राघोबादादांनी आपले वकील थेट लंडनला धाडले होते, हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि सोबत मणियार नावाचे पारशी पितापुत्र. १७८१ साल. तिथे त्यांचे हाल चालले होते, ते बघून खासदार एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि धर्माप्रमाणे स्वयंपाकपाणी करता यावं म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. थंडीतली झाडं ठेवायची जागा ती, तिथे आपल्या माणसाचं सोवळं! राजकारण काही साधलं नाही, पण परत आल्यावर खरी पंचाईत झाली. समुद्र ओलांडला, शिवाय परत येताना सिंधूही ओलांडली, म्हणून वाळीत पडायची वेळ आली. विल्फर्ड नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवलंय की मग राघोबादादांनी शुद्ध सोन्याची योनी घडवून घेतली, वकिलांना तिच्यातून पार करून पुनर्जन्म दिला आणि पुन्हा जातीत घेतलं. माणूस आरपार जाईल एवढ्या मापाची, सोन्याची.

आईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, ते सगळं राहू दे. ते सोनं नंतर कुणी घेतलं?"