मातृभाषेने मेंदू ‘उजळतो’? आधी वजाबाकी दाखवा

दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच चित्र पुन्हा पुन्हा येते आहे. लाल-पिवळे ठिपके असलेला मेंदू आणि खाली मजकूर: ‘मातृभाषा ऐकली की भावनांचे केंद्र उजळते, परभाषेला ते बंद राहते. एफएमआरआयने सिद्ध.’ बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपलेल्या घरांना हे वाचून बरे वाटणारच. मराठी मलाही तितकीच प्रिय आहे. पण अशाच स्कॅनचे विश्लेषण हे माझे काम आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

‘उजळते’: एफएमआरआय म्हणजे मेंदूतल्या रक्तातले बदल टिपणारे स्कॅन; त्या यंत्राला उजेड दिसत नाही. मज्जापेशी कामाला लागल्या की तिथल्या रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण बदलते, आणि ही लाट पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचते. मराठी वाक्ये कधी ऐकवली, गुजराती कधी, त्या वेळा या संथ लाटेच्या आकारात बसवून मॉडेल रचतात. त्यातून मेंदूच्या प्रत्येक बिंदूवर प्रत्येक भाषेचा वाटा निघतो. चित्रातले रंग म्हणजे या वाट्यांच्या वजाबाकीचे, उंबरठा (आधी ठरवलेली किमान मर्यादा) ओलांडलेले आकडे.

‘बंद राहते’: खरी गफलत इथे आहे. समजा, उंबरठा ३.१ ठेवला. मराठी वजा शांतता ३.२ आली, गुजराती वजा शांतता ३.०. पहिल्या चित्रात ती जागा रंगते, दुसऱ्यात कोरी राहते आणि वाचणारा म्हणतो, बंद! फरक आहे असे म्हणायचे तर तो थेट तपासायला हवा: काँट्रास्टमध्ये, म्हणजे कशातून काय वजा करायचे ते सांगणाऱ्या आकड्यांत, मराठीला १, गुजरातीला −१.

तेवढ्यानेही भागत नाही. मराठी आवाज मायेचा आणि गुजराती बातम्यांचा असेल तर? म्हणून गुजराती मातृभाषेची माणसेही हवीत, त्यांना त्याच ध्वनिफिती ऐकवायला हव्यात. मराठी गटातल्या फरकातून गुजराती गटातला तोच फरक वजा करायचा: १, −१, −१, १. ध्वनिफितीचे गुण दोन्हीकडे सारखे, ते कटतात. खंडेराव मार्केटात भाजी घेताना आपण सहज गुजराती बोलतो, त्यामुळे ‘समजले नाही’ ही अडचण आपल्या गटात येत नाही. पण गुजराती गटालाही मराठी कळत असली पाहिजे, नाहीतर समजणे आणि आपलेपणा यांची सरमिसळ होते. असा प्रयोग करायला बडोद्याइतके चांगले गाव मला दुसरे सुचत नाही.

‘भावनांचे केंद्र’: बहुधा अमिग्डाला हा मेंदूतला छोटा भाग म्हणायचे असावे. तो भीतीला प्रतिसाद देतो, नव्या किंवा लक्षवेधी गोष्टीलाही देतो. म्हणून तो सक्रिय दिसला एवढ्यावरून माया ओळखता येत नाही.

‘सिद्ध’: २००९ साली मांडलेल्या एका प्रयोगात मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले होते. ८,०६४ बिंदूंपैकी १६ ‘सक्रिय’ निघाले. हजारो चाचण्या एकदम केल्या की काही बिंदू निव्वळ योगायोगाने उंबरठा ओलांडतात; त्याची दुरुस्ती लावताच एकही उरला नाही.

चित्र पाठवणाऱ्या मामांना मी एवढेच विचारले आहे: यात कशातून काय वजा केले, आणि दुरुस्ती लावली होती का? मूळ आकडे मिळाले तर मी ते स्वतः बसून तपासीन.