तिकडे डिग्री कोण विचारतं!

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला परवा न विचारता साक्षीदार करून टाकलं. नाशिकच्या चुलतभावाच्या पोराला सीईटीत पर्सेंटाइल बरे आहेत, पण कॉम्प्युटरला सरकारी कॉलेज मिळावं इतके नाहीत. म्हणजे मॅनेजमेंट कोटा, म्हणजे कर्ज. पोरगा म्हणतो, चार वर्षं आणि एवढे पैसे कशाला घालवायचे? पुण्यात सहा महिन्यांचा फुलस्टॅकचा क्लास लावतो आणि थेट अनुभव घेतो. त्याच्या मामाने लगेच फॉरवर्ड टाकला की गूगल, ॲपल, आयबीएम आता पदवी मागत नाहीत. वर मखलाशी: "म्युनिकच्या काकांनाच विचारा, तिकडे डिग्री कोण विचारतं!"

मामा स्वतः सरकारी बँकेत आहेत. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकेच्या परीक्षा देऊन इन्क्रिमेंट घेतलेली आहेत. असो.

तर, कोण विचारतं? जर्मनीचे व्हिसावाले विचारतात. माझ्या हातात नोकरीचं पत्र होतं, तरी आधी अनाबिनवर, म्हणजे परदेशी पदव्या तपासायच्या जर्मन वेबसाइटवर, जाऊन पुणे विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे मान्यतेचा शेरा, आहे का ते बघावं लागलं, मग त्याचा प्रिंटआउट फाइलला लावावा लागला. पदवी मेकॅनिकलची. त्यातल्या थर्मोडायनॅमिक्सचा मला नोकरीत आजवर एका पैचा उपयोग झालेला नाही. पण तो कागद नसता तर मी आज हिंजवडीच्या सिग्नलला उभा असतो.

हे मी ग्रुपवर लिहिलं, तर एका शहाण्याने नवा नियम काढून दाखवला. नियम खरा आहे. नोव्हेंबर 2023 पासून आयटीतल्या माणसाला इथे पदवीशिवायही ब्लू कार्ड, म्हणजे राहून नोकरी करायचा परवाना, मिळू शकतं. फक्त गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव हवा, तोही पदवीधराच्या तोडीच्या कामाचा, आणि पगार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा. ही तीन वर्षं मिळणार कुठे? पुण्या-बंगळुरातच ना? आणि तिथल्या कॅम्पस ड्राइव्हची पहिली अट काय असते? दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ टक्के आणि एकही बॅकलॉग नको. बर्लिनने फाटक उघडलं तरी हिंजवडीचं बंदच आहे. एचसीएलचं टेकबी आहे, झोहोच्या शाळा आहेत, बारावीनंतर पोरं घेतात, चांगलं काम आहे. पण टेकबीतसुद्धा नोकरी करता करता पदवी घ्यायची सोय जोडून दिलेली आहे. उगाच नाही दिलेली.

आणि क्लासवाले जो 'अनुभव' देतात तो कसला? फी भरायची, शेवटी त्याच क्लासने इंटर्नशिपचं सर्टिफिकेट द्यायचं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कन्सल्टन्सीकडून दोन वर्षांचं एक्स्पीरियन्स लेटर विकत घ्यायचं आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफची नोंद निघाली नाही की घरी बसायचं. आपल्याकडे अनुभवालाही पैसे मोजावे लागतात.

इथे उलट आहे. आमच्या टीममध्ये एक आत्सुबी, म्हणजे शिकाऊ उमेदवार, आहे, एकोणीस वर्षांचा, डाखाऊच्या बाजूच्या खेड्यातला. शाळा सोडून फाखइन्फॉर्माटिकर, म्हणजे आयटीतलं व्यावसायिक शिक्षण, करतोय. काही आठवडे कंपनीत, मग काही आठवडे बेरुफ्सशूल या व्यवसाय-शाळेत, असं तीन वर्षं, आणि पहिल्या महिन्यापासून हातात पगार. मध्यंतरी एका शुक्रवारी दुपारी एका सर्व्हरच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपली. मी कुणाला मेल टाकायचं, सीसीत कोण ठेवायचं याचा विचार करत होतो, तोवर त्याने नवं चढवून सर्व्हिस चालू केली आणि फायरआबेंड, म्हणजे आजचं काम संपलं, म्हणून सायकल काढली. आता त्याचा शेवटच्या परीक्षेचा प्रकल्प चाललाय. ऐंशी तासांचं काम, त्याचं डॉक्युमेंटेशन, मग आयएचकेच्या, म्हणजे उद्योग-व्यापार मंडळाच्या, परीक्षकांसमोर बसून उत्तरं द्यायची. म्हणजे अनुभवावर शिक्का इथेही लागतोच, फक्त तो मारणाऱ्यावर सगळ्यांचा विश्वास असतो. आपल्याकडेही 1961 पासून ॲप्रेंटिस कायदा आहे म्हणे. आयटीआयच्या फिटरला विचारा कायदा काय देतो ते.

त्या आत्सुबीचं मला कौतुक वाटतं आणि, खरं सांगायचं तर, थोडा रागही येतो. त्याचा बाप गावच्या अग्निशमन दलात आहे, आमच्या टीमलीडचा भाऊही तिथेच. उद्या ही कंपनी बुडाली तरी त्याला कुणी तू कोण म्हणून विचारणार नाही. मी इतकी वर्षं इथे कर भरतोय, टीमलीडचा बॉस मला नावाने ओळखतो, तरी घर भाड्याने घ्यायला गेलो की फोल्डर घेऊन जातो. पगाराच्या पावत्या, शूफा म्हणजे पत अहवाल, कॉन्ट्रॅक्ट. डिग्रीची झेरॉक्स कुणी मागितलेली नसते, तरी लावतो.

ग्रुपवर वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आत्सुबीचं एवढं गुणगान गाता, मग मुलीला लावणार का तिकडे?"

मुलगी चौथीत आहे. बायर्नमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, जर्मन, गणित आणि एचएसयू (परिसर अभ्यास) यांची सरासरी 2.33 पर्यंत असेल तर विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, 2.66 पर्यंत मधली शाळा, रेआलशूल. इथे आकडा जितका कमी तितकं चांगलं. मेमध्ये दाखला आला, 2.66. बाई म्हणाल्या, मुलगी आनंदी आहे, हाताने करायला तिला आवडतं, रेआलशूल तिला छान मानवेल, पुढे एफओएसची, म्हणजे उच्च शिक्षणाकडे जायची दुसरी, वाट आहेच. सगळं पटण्यासारखं होतं. मी तिथेच प्रोबेउंटररिख्टचा, म्हणजे गिम्नाझियमच्या चाचणी-वर्गाचा, फॉर्म मागितला. बाईंनी चेहरा हलूही न देता दिला. मुलगी सायकलीची चेन स्वतः बसवते, रेडिओ उघडून बसते, आणि मी तिला लॅटिनच्या वर्गात ढकलायला निघालोय. त्याची मला लाज वाटत नाही.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तिचा जन्म इथला, भाषा इथली. तिला कोण कागद विचारणार आहे?" मी म्हणालो, आडनाव बघून विचारतील. यावर आमचं नीट भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. नाखहिल्फेची, म्हणजे शिकवणीची, फी मात्र भरून झाली, मंगळवार आणि गुरुवार. तिथे बाहेर बाकावर बसलेले बहुतेक बाप तुर्की, व्हिएतनामी, नाहीतर आमच्यासारखे. एकमेकांशी फारसं बोलत नाही आम्ही, पण सगळ्यांकडे तोच पिवळा गणिताचा संच असतो.