शेल जमिनीखाली तापवलं म्हणून तेल स्वच्छ होत नाही

सध्या एक दावा फिरतोय: "नवं तंत्रज्ञान आलंय, ऑइल शेल (ज्यापासून तेल बनवतात तो दगड) खणायची गरजच नाही. जमिनीखालीच तापवा, तेल आपोआप वर येतं. राख नाही, पाण्याला धक्का नाही, खर्चही कमी." एकेक मुद्दा घेते.

आधी मुळातला घोळ. या दगडात तयार तेल नसतंच. केरोजेन नावाचा घट्ट सेंद्रिय पदार्थ असतो, तो तापवल्यावर तेल होतं. त्यामुळे हे फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने खडक फोडून त्यातलं तयार तेल-वायू काढणं, नव्हे. आणि खरा फरक खाण वर की खाली हा नसून दगड कुठे तापवला हा आहे. युरोपातल्या एस्टोनियात भुयारी खाणीतूनही दगड काढतात, पण भाजतात वर, भट्टीत.

"आपोआप"? भट्टीत सुमारे ५०० अंशांना काम लवकर उरकतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत शेल याच नावाच्या कंपनीने तपासलेल्या पद्धतीत बोअरमध्ये विजेचे हीटर सोडून खडक साडेतीनशे अंशांच्या आसपास न्यायला काही वर्षं लागतात. ती वीज औष्णिक केंद्राची असेल, तर इंधनातली निम्म्याहून जास्त उष्णता आधीच वाया गेलेली असते. भट्टीत दगडात उरलेला कार्बन जाळून उष्णता मिळवता येते. जमिनीखाली तो तसाच पडून राहतो.

पाण्याचा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. धक्का नसता, तर त्याच कंपनीला बर्फाची भिंत कशाला लागली असती? जागेभोवती बोअरची रांग पाडायची, त्यांतून अतिथंड द्रव फिरवून भूजल गोठवायचं, आतलं पाणी उपसायचं, मग तापवायचं. तेल निघाल्यावर खडक सच्छिद्र होतो आणि त्यात रसायनं उरतात. तो पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय भिंत वितळू देता येत नाही.

राखेचं मात्र खरं आहे, ती भट्टीच्या पद्धतीत उरते. भाजलेला दगड फुगतो, खणलेल्या जागेत पुरता मावत नाही. स्वीडनच्या क्वार्नटॉर्पमध्ये अशा राखेचा सुमारे १०० मीटर उंच डोंगर आहे. तिथलं तेल काढणं १९६० च्या दशकात थांबलं, डोंगर आतून अजून गरम आहे. पण १९४० च्या दशकात त्याच क्वार्नटॉर्पमध्ये जमिनीखाली विजेने शेल तापवलंही जात होतं, तेव्हा 'नवं तंत्रज्ञान' हेही खरं नाही.

खर्च? कोलोरॅडोतल्या २००४-०५ च्या चाचणीत सुमारे १,७०० बॅरल तेल निघालं, तेही हलकं, उत्तम. तरी २०१३ मध्ये कंपनीने तिथला प्रकल्प सोडला. एस्टोनियात आजही दगड खणून भट्टीतच भाजतात.