दुसऱ्या भागात 'काहीच होत नाही', असं कसं म्हणता?

रविवारी संध्याकाळी प्रतापनगरात आमच्या गच्चीवर आठ-दहा जण जमलो होतो. या सुट्टीत पोरांनी आणि मोठ्यांनी मिळून 'हंगर गेम्स' ही कादंबरीमालिका वाचायचं ठरवलंय. त्यात राजधानी दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं उचलते आणि टीव्हीसमोर आखाड्यात मरेपर्यंत लढवते. पहिला भाग पोरांनी तीन दिवसांत संपवला. दुसरा, 'कॅचिंग फायर', दोन आठवडे झाले तरी अर्ध्यातच. माझी भाची म्हणाली, "मावशी, यात तं काहीच होऊन नाही राहिलं. नुसते गावोगावी फिरून राहिले ते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर शंभर पानांनंतर पुस्तक परत आणून दिलं.

मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून इथे लिहिते.

तक्रार अगदीच खोटी नाही. दोन्ही पुस्तकांत 27-27 प्रकरणं. पहिल्यात 11व्या प्रकरणात आपण आखाड्यात असतो, दुसऱ्यात त्यासाठी 19वं उजाडावं लागतं. मारामारीची वाट बघणाऱ्याला दोन तृतीयांश पुस्तक थांबावं लागतं. पण त्या अठरा प्रकरणांत काय काय होतं, ते तरी बघा.

पहिल्या भागातला खेळ जिंकलेली नायिका कॅटनिस कुंपणापलीकडच्या, बंदी असलेल्या जंगलात गेलेली असते. परत येते तर एरवी बंद असणाऱ्या कुंपणात वीज सोडलेली. झाडावर चढून ती पलीकडे उडी मारते, टाच दुखावते. घरी दोन शिपाई वाट बघत बसलेले. आता तिला लंगडायचं नाही, दचकायचं नाही. आणि मग घरातली सगळी माणसं, कुणी कुणाला खूण न करता, एकच खोटं रचायला लागतात, की ती शेळीवाल्याकडे गेली होती. धाकटी प्रिम शेळीवाल्याच्या घराचा पत्ता नेमका कुठला सांगितला होता यावरून बहिणीशी वाद घालते. दुकानातून आणलेल्या गोळ्यांची पुडी निघते. शिपाई निघून जातात. एकही शस्त्र उचललं जात नाही, आणि माझ्या हाताला घाम सुटला होता. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला इतकं सफाईनं खोटं बोलता येतं, म्हणजे त्या घरात भीती किती मुरली असेल!

पहिला भाग एका मुलीच्या जिवाचा आहे. दुसऱ्या भागात तीच दहशत बाजारात, खाणीत, चुलीपर्यंत पोचते. नवा अधिकारी येतो, चौकात फटके मारायचा खांब उभा राहतो, हॉब नावाचा जुना बाजार जाळला जातो. खाण दोन आठवडे बंद. उघडते तेव्हा मजुरी कमी आणि तास जास्त. विजयाचं बक्षीस म्हणून कबूल केलेलं धान्य येतं ते सडलेलं, उंदरांनी नासवलेलं. हे सगळं सावकाशच सांगावं लागतं, कारण घडतंही ते सावकाशच.

15 ते 21 मार्च 2021, नागपुरातला तो कडक लॉकडाऊन आठवा. आपलं कारण आजाराचं होतं, तिथे शिक्षा होती, बरोबरी मी करत नाहीये. पण आमच्या गल्लीतला भाजीवाला आठवडाभरात किती उतरला, ते मी पाहिलंय. शेवटी शेवटी तो भाव सांगतानाही खाली बघायचा. बाजार बंद झाला की माणसाचं काय होतं, ते कळायला मोठा प्रसंग लागत नाही.

लेखिका सुझन कॉलिन्सला या खेळाची कल्पना टीव्हीच्या वाहिन्या बदलताना सुचली, असं तिनेच सांगितलंय. एकीकडे रिअ‍ॅलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं. म्हणजे ही गोष्ट बघणाऱ्यांचीही आहे. आपण पानं उलटत "आखाडा कधी येतो?" विचारतो, तेव्हा राजधानीतल्या त्या प्रेक्षकांशेजारीच जाऊन बसतो. पोरांना हे सांगायला मला जड जातं, पण मला ते खरं वाटतं.

कंटाळवाणं म्हणायचंच असेल तर कॅटनिसचं प्रेम गेलवर की पीटावर, हा घोळ म्हणा. तो खरंच पाणी घालून वाढवलाय. आणि ज्याची सगळे तारीफ करतात तो शेवट मला घाईचा वाटतो. आखाडा घड्याळासारखा चालतो ही कल्पना जबरदस्तच, पण एवढ्या मोठ्या कटाचा उलगडा शेवटच्या काही पानांत भराभर सांगून टाकलाय. बारावं प्रकरण संपताना टीव्हीवर घोषणा होते, की 75व्या खेळासाठी जुन्या विजेत्यांमधूनच नावं निघणार. कॅटनिसच्या बारा नंबरच्या जिल्ह्यात जिवंत विजेती बाई एकच, ती स्वतः. त्या क्षणाचा धक्का आधीच्या संथ पानांमुळेच बसतो. ती पानं गाळून थेट तिथे पोचलात, तर ती फक्त एक बातमी उरते.

काकांना पुस्तक परत नेऊन दिलंय. येत्या रविवारी सहा वाजता गच्चीवर, ऊन उतरल्यावर, कुंपण ते शिपाई एवढा भाग मोठ्याने वाचणार आहोत. प्रिमचे संवाद भाचीने स्वतःहून मागून घेतलेत.