हजेरीपटावरून साथ ओळखता येते का?

पावसाळा लागला की एक दावा फिरू लागतो: शाळांची हजेरी आता ऑनलाइन जातेच, मग गैरहजेरी वाढली की साथ आली असं समजा, दवाखान्यांच्या आकड्यांची वाट कशाला? कल्पना वाईट नाही. पण ती ज्या रूपात फिरते आहे, त्या रूपात वापरली तर फसवेल.

‘गैरहजेरी वाढली म्हणजे आजार वाढला.’ हजेरीपटात हजर की गैरहजर एवढंच असतं, कारण नसतं. पोळा, भातलावणी, ओढ्याला आलेला पूर, गणपतीला कोकणात गेलेली मुंबई-ठाण्याची मुलं, सगळं एकाच खुणेत जमा. बीडच्या ऊसतोड कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, नाव मात्र पटावर राहतं. असा कच्चा आलेख काढला तर बीडमध्ये दर नोव्हेंबरला फ्लूची साथ सापडेल!

‘20 टक्के गैरहजेरी ही धोक्याची घंटा.’ हिशेब करून पाहा. 40 मुलांच्या वर्गात एरवी सरासरी 4 गैरहजर असतात असं धरू. साथ नसतानाही, निव्वळ योगायोगाने, साधारण 4 टक्के दिवशी 8 किंवा जास्त मुलं गैरहजर निघतात. असे दहा वर्ग असतील तर कुठल्या ना कुठल्या वर्गात दर तीन दिवसांनी घंटा वाजणार. शिवाय भावंडं एकत्रच घरी राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती आणखी वाजते. 12 पटाच्या जिल्हा परिषद शाळेत तर एका घरचं लग्न पुरतं. म्हणून एका वर्गावर विसंबू नये. संपूर्ण शाळेची किंवा केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, बेरीज घ्यावी आणि तुलना मागच्या 4 आठवड्यांतल्या त्याच वाराशी करावी, कारण आठवडी बाजाराच्या दिवशी गळती ठरलेली असते. वाढ सलग 3 दिवस टिकली तरच चौकशी.

‘डॉक्टरांच्या आधी कळतं.’ यात तथ्य आहे, पण सगळ्या आजारांना ते लागू नाही. फ्लू संसर्गानंतर 1 ते 4 दिवसांत दिसतो आणि मूल तापल्या दिवशीच घरी राहतं. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येतो. डोळ्यांची साथ, कांजिण्या, गालगुंड, शाळेच्या टाकीतून पसरलेले जुलाब हेही पटावर उमटतात. 2023च्या जुलैत आळंदीत डोळ्यांच्या साथीत शाळकरी मुलं मोठ्या संख्येने सापडली होती. डेंग्यू मात्र मुलाकडून मुलाला थेट लागत नाही. रुग्ण वस्तीत विखुरलेले असतात, आकडा हलतच नाही. आणि महिनाअखेरच्या गोषवाऱ्यावरून हे करायचं असेल तर सगळी आघाडी वाया.

‘पट भरलेला, म्हणजे साथ नाही.’ पाच वर्षांखालची मुलं आणि म्हातारी माणसं पटावर नसतातच. मे महिन्यात तर शाळाच नसते. दोघंही पालक कामावर असले की तापातलं पोरही वर्गात येतं. पोषण आहाराचा तांदूळ, पहिली ते पाचवीला 100 आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, हजेरीवरच हिशेबात धरतात; आकडा फुगवायचा मोह तिथेच असतो. स्वयंपाकी ताईंना खरी ताटं किती लागली ते विचारावं.

जपानमध्ये शाळा नुसता आकडा नाही, लक्षणंही नोंदवतात. आपल्याकडेही एक जादा रकाना पुरे: ताप-खोकला, जुलाब-उलटी, पुरळ, डोळे, इतर आजार, आजार नाही, माहीत नाही. पहिल्या तासालाच वर्गशिक्षकांनी फोन करून तो भरावा. एकाच वर्गात सारख्या लक्षणांची तीन-चार मुलं दिसली की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्यसेविकेला कळवावं. तिथून पुढे 2004पासूनची एकात्मिक रोग सर्वेक्षणाची यंत्रणा आहेच. ‘माहीत नाही’ हा पर्याय मात्र काढू नये. तो नसला की फोन न लागलेलं प्रत्येक मूल ‘ताप’मध्ये जातं.