दुसऱ्या वाचनातला गॉलम

फँटसी कादंबरी बारकाईने वाचली की तिच्यातली मजा जाते, हे एका लेखात वाचलेलं मत मला पटलं नाही. इंग्रजी लेखक टॉल्किनचंच घ्या. 'द हॉबिट' १९३७ साली आली, तेव्हा तिच्यातला गॉलम, म्हणजे अंधाऱ्या गुहेत राहणारा विचित्र प्राणी, नायक बिल्बोशी खेळलेल्या कोड्यांच्या खेळात अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना ती अंगठी माणसाला पछाडणारी झाली, मग असा उदार गॉलम चालेना. म्हणून १९५१च्या आवृत्तीत टॉल्किनने ते प्रकरणच बदललं. जुनी हकीकतही वाया घालवली नाही. ती बिल्बोने मारलेली थाप ठरवली. म्हणजे अंगठीची पकड तेव्हाच बसायला लागली होती! हे कळल्यापासून ते प्रकरण मला दुप्पट आवडतं.

बिल्बो गॉलमला मारत नाही, ती दयाही तशीच. पहिल्यांदा वाचताना पुढे काय होतं या ओढीने आपण ती ओलांडून जातो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटी ज्वालामुखीच्या कड्यावर बिल्बोचा वारस फ्रोडो याला अंगठी टाकवत नाही आणि गॉलममुळेच ती नष्ट होते, हे ठाऊक असताना पुन्हा वाचा. अंगावर काटा येतो.

एक मात्र मान्य. पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलावर वंशावळी आणि परिशिष्टं लादू नयेत, त्याला आधी मोरिया या भुयारी नगरीच्या अंधारात मनसोक्त घाबरू द्यावं. आणि अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, असले अर्थ काढणं मलाही रुचत नाही. रूपककथा आपल्याला आवडत नाहीत, असं खुद्द टॉल्किनने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय.